उन्हाळ्यातले परडे : किडे टिपणे आणि घरट्यांना जागा देणे (कोल्हापूर परिसर)

परड्यातला | ९ एप्रिल, सकाळी ८.१०

कळंब्याच्या बाजूला आमचे जुने कौलारू घर आहे आणि त्याच्यामागे तीनेक गुंठ्यांचे परडे. लिंबू, दोन कढीपत्ते, शेवगा, एक म्हातारा आंबा, तगर, थोडे गुलाब आणि कुंपणाला मेंदी, एवढाच पसारा. निवृत्त झालो त्या वर्षी हौसेने सुताराकडून चार लाकडी पेट्या करून घेतल्या, झाडांवर आणि भिंतीवर टांगल्या आणि पक्ष्यांची वाट पाहत बसलो. दोन उन्हाळे गेले, पेट्यांत पालींखेरीज कोणी फिरकले नाही. त्याच दोन वर्षांत मी दर पंधरवड्याला पाठीवर पंप घेऊन लिंबू, कढीपत्ता आणि गुलाबांवर औषध मारत होतो, कारण पानाला भोक दिसले की ती मला माझ्या निगराणीतली कसूर वाटे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे माझ्या डोक्यातही आले नाही.

तिसऱ्या वर्षी गुडघ्याने असहकार पुकारला आणि पंप अडगळीत गेला. मार्चअखेरीस कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसू लागली. जवळ जाऊन पाहिले, तर पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके होते आणि त्यातला एक ठिपका हळूच पुढे सरकला. ती लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची कोवळी अळी होती. लहान असताना ती असे विष्ठेचे सोंग घेते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते, आणि काडीने किंचित डिवचले तर डोक्यामागून दुबेळके नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. त्या दिवशी मी खुर्ची ओढून तासभर एका झाडासमोर बसलो होतो. घरच्यांनी दोनदा येऊन तब्येतीची चौकशी केली.

त्याच एप्रिलमध्ये भिंतीवरच्या पेटीत दयाळाची जोडी आली. पिले बाहेर आल्यानंतर एका सकाळी साडेसहा ते साडेसात मी वही घेऊन बसलो. त्या एका तासात नर-मादी मिळून २३ वेळा पेटीकडे आली. १४ वेळा चोचीत हिरवी अळी होती, तीन वेळा नाकतोडा, दोनदा कोळी. उरलेल्या चार वेळा चोचीत काय होते ते मला ओळखता आले नाही. परत जाताना कधी कधी त्यांच्या चोचीत पातळ आवरणातली पांढरी गोळी असे. ती पिलांची विष्ठा. आईबाप ती उचलून दूर नेऊन टाकतात, त्यामुळे घरटे कोरडे राहते आणि शत्रूला सुगावा लागत नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की पेटी ही पक्ष्यांना बोलावण्याची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पक्षी जागा पाहतो ती पिलांचे पोट भरण्याच्या हिशेबाने. चिमणीसारखा दाणे टिपणारा पक्षीसुद्धा पिलांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवतो. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, तिथे कितीही देखणी पेटी टांगली तरी ती पाळण्यासारखी रिकामी डोलत राहते.

कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळींनी आपापल्या बागेत या उन्हाळ्यात कोणते किडे दिसले आणि कोणाची घरटी झाली, हे इथे लिहावे, अशी विनंती आहे.

दुर्बीण_आणि_वही | ९ एप्रिल, रात्री ९.३५

परड्यातला यांचे म्हणणे मला पटते. तरीही पेट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या दिवाणखान्याच्या शोभेसाठीच केलेल्या असतात.

दयाळासाठी भोक सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे पुरते. ते त्याहून बरेच मोठे ठेवले, तर साळुंकी पेटीचा ताबा घेते. चिमणीसाठी ३.२ ते ३.५ सेंटिमीटरचे भोक ठेवावे. तळ १५ सेंटिमीटर चौरस असावा आणि भोक तळापासून किमान तितकेच उंच असावे, म्हणजे मांजराचा पंजा आत पोहोचत नाही. भोकाखाली बसायला काडी लावू नये. दयाळाला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती फार सोयीची पडते. तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे हवीत, आतून रंग नको आणि पत्र्याचे छप्पर तर मुळीच नको, कारण एप्रिल-मेमध्ये त्याखाली पिले भाजून निघतात. पेटीचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे. आपल्याकडे दुपारचे ऊन आणि जूनचा पाऊस दोन्ही पश्चिमेच्या बाजूने येतात. पेटी जानेवारीतच टांगावी. एप्रिलमध्ये पेटी टांगणे म्हणजे मृग सरल्यावर बियाणे आणायला बाजारात जाण्यासारखे आहे.

मात्र आपल्या बागेतले बरेचसे पक्षी पेटीत घरटे करतच नाहीत. बुलबुल झुडपात वाटी विणतो, शिंजीर पिशवी टांगतो, तांबट वाळक्या फांदीत स्वतः ढोली कोरतो, वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ खणतो. शिंपी पक्ष्याचे काम तर जवळून पाहण्यासारखे असते. गेल्या मे महिन्यात देशी बदामाच्या रोपट्यावर एक मादी घरटे करत होती आणि मी खिडकीच्या पडद्याआडून दुर्बिणीने पाहत होतो. पानाच्या कडेला चोचीच्या टोकाने ती बारीक भोक पाडते, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा धागा ओढून घेते, आणि त्या धाग्याचे टोक भोकाबाहेर फुलून गाठीसारखे अडकून बसते. सलग दोरा असा नसतोच. प्रत्येक टाका वेगळा, जणू रिव्हेट मारावा तसा. पाने देठाला जिवंतच राहतात, त्यामुळे घरटे चहूबाजूंनी हिरवे दिसते आणि दोन फुटांवरूनही चटकन ध्यानात येत नाही. म्हणूनच मार्च ते जून या काळात कात्री हाती घेऊन झुडपांना ‘आकार’ देण्याचा मोह टाळावा. छाटणी करायचीच असेल, तर ती दिवाळीनंतर उरकावी.

गच्चीवरची_कुंडी | ११ एप्रिल, दुपारी ३.२०

आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. परडे नाही, कुंड्या तेवढ्या २६ आहेत. काकांचा लेख वाचून मला माझीच एक चूक आठवली, ती सांगते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटे सुरू केले होते. ती दर काही मिनिटांनी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात येऊन तिथल्या जळमटासमोर एका जागी फडफडत राहायची आणि चोच फिरवून ते जाळे गुंडाळून न्यायची. तेव्हा मला वाटायचे की ती कोळी खायला येते. पाडव्याची साफसफाई म्हणून मी एका सकाळी सगळ्या खिडक्यांची जळमटे झाडूने काढून टाकली. त्यानंतर दोन दिवस ती येऊन त्या रिकाम्या कोपऱ्यात घिरट्या घालून जात होती आणि तिसऱ्या दिवसापासून आली नाही. अर्धवट पिशवी तारेला तशीच लोंबत राहिली. नंतर मी ती काढून पाहिली, तर झाडाच्या सालीचे तुकडे, वाळकी पाने, कागदाचा एक कपटा आणि अळ्यांच्या लेंड्यासुद्धा, हे सगळे केवळ कोळ्याच्या धाग्यांनी एकत्र धरून ठेवलेले होते. तिचे सिमेंटच मी झाडून टाकले होते.

या वर्षी दोन कोपऱ्यांतली जळमटे मुद्दाम ठेवली आहेत. सासूबाईंना कारण सांगितल्यावर त्यांनी पाहुण्यांनाही तेच कारण सांगायला सुरुवात केली आहे. घरटे पूर्ण झाले असून मादी अंड्यांवर बसते, त्यामुळे कपडे सध्या आतल्या खोलीत वाळतात.

एक शंका आहे. जास्वंदीच्या शेंड्यांवर मावा पडला आहे आणि त्यावर मुंग्यांची रांग लागलेली असते. औषध मारायचे नाही, तर मग काय करावे?

तगर | ११ एप्रिल, सायंकाळी ७.०५

ताई, मुंग्या माव्याला खात नाहीत, त्याची राखण करतात. मावा पानातला रस शोषून जो गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो, तो मुंग्यांना हवा असतो आणि त्याच्या बदल्यात त्या माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुऊन काढा आणि कुंडीची फांदी भिंतीला किंवा कठड्याला टेकलेली असेल तर ती मोकळी करा, म्हणजे मुंग्यांचा रस्ता तुटतो.

त्यानंतर मात्र आठवडाभर काही न करता नुसते पाहा. माव्याच्या वसाहतीत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी एक अळी फिरताना दिसेल. पुष्कळ लोक तीच कीड समजून चिरडतात. ती ढालकिड्याची अळी असते, आणि मोठा ढालकिडा व त्याची अळी, दोघेही मावाच खातात. पानाखाली केसासारख्या बारीक देठावर टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरट मणी उभे दिसले, तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी आहेत. त्यांनाही हात लावू नका. निंबोळी अर्क निरुपद्रवी असतो असा समज आहे, पण त्याने अळ्यांची वाढ खुंटते आणि तो मारल्यावर दयाळाच्या ताटातली भाजीच कमी होते. अगदीच नाइलाज झाला, तर संध्याकाळी, फुले टाळून आणि फक्त किडलेल्या फांदीपुरता वापरावा.

फडकरी | १३ एप्रिल, रात्री १०.१५

चर्चा चांगली चालली आहे, परंतु शेतकऱ्याची बाजूही नोंदवतो. कागल तालुक्यात आमचा ऊस आहे. ‘किडे राहू द्या’ हे वाक्य हुमणीने (मुळ्या खाणाऱ्या अळीने) फड वाळलेला पाहिलेल्या माणसाच्या गळी उतरणे कठीण असते. वळवाचे पहिले एक-दोन पाऊस झाले, की जमिनीतले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. तिथे पाला खातात, मीलन होते आणि मादी पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालते. पुढे पावसाळाभर त्यांच्या अळ्या उसाच्या मुळ्या खातात आणि बेट हाताने ओढले तरी उपसून येते. त्यामुळे आम्ही रात्री साडेसात ते नऊच्या सुमारास झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतो आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतो. सगळ्या शिवाराने एकाच वेळी केले तरच याचा उपयोग होतो. एकट्याने केले, तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्याकडे येतात.

तरीही पक्ष्यांचे ऋण मी नाकारत नाही. उन्हाळी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागे बगळे, साळुंक्या आणि कावळे यांची जी झुंबड उडते, ती उघड्या पडलेल्या अळ्यांसाठीच असते. आमच्या वस्तीवरच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्रात भुंगेरे निघाले, तेव्हा ती रोज रात्री रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर येऊन बसायची, झेप घालून भुंगेरा उचलायची आणि पुन्हा खांबावर जायची. सकाळी चिंचेखाली तपकिरी, कडक पंखांचा सडा पडलेला असे. चिंच पोकळ झाली म्हणून ती तोडून विकावी, असे घरात दोनदा ठरले होते. त्या सड्यानंतर तो विषय निघालेला नाही.

प्रकाश सापळ्याबद्दल एक सूचना करतो. तो रात्रभर चालू ठेवू नये, कारण भुंगेऱ्यांची मुख्य वेळ संध्याकाळची असते आणि नंतर त्यात निरुपद्रवी पतंगच जास्त पडतात.

परड्यातला | १४ एप्रिल, सकाळी ७.२०

फडकरी, आपले म्हणणे रास्त आहे आणि माझ्या लेखातले एक वाक्य मी त्यानुसार आवरते घेतो. परडे आणि फड यांचे गणित एक नव्हे. माझ्या लिंबाची २० पाने अळीने खाल्ली तर माझे लोणचे फार तर एका बरणीने कमी होते. आपले वर्षाचे उत्पन्न जाते. किडे राहू द्या, हे मी म्हणतो ते ज्यांची बाग हौसेची आहे त्यांच्यापुरतेच.

नवी_पालवी | २ मे, सायंकाळी ६.४०

दोन प्रश्न विचारायचे आहेत. पक्ष्यांसाठी पाणी ठेवले तर डास होतील, असे शेजारी म्हणतात; ते खरे आहे का? दुसरे म्हणजे, आज जिन्याखाली बुलबुलाचे एक पिलू मिळाले. त्याला पिसे आहेत, पण उडता येत नाही. मी ते खोक्यात कापूस घालून घरात ठेवले आहे. त्याला दूध-भात द्यावा का?

दुर्बीण_आणि_वही | २ मे, सायंकाळी ६.५५

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे. दूध-भात अजिबात देऊ नका आणि पिलू अंधार पडण्यापूर्वी जिथे मिळाले तिथेच जवळच्या झुडपात, मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा. बुलबुलाची पिले नीट उडता येण्याच्या आधीच घरट्यातून बाहेर पडतात आणि काही दिवस फांद्यांवर, जमिनीवर वावरतात. आईबाप त्यांना तिथे येऊन भरवतात. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिलाला टाकून देतात, हा गैरसमज आहे. तुम्ही लांब उभे राहून पाहा, पिलाच्या आवाजावर मोठे पक्षी येतील. पिसे न फुटलेले उघडे पिलू असेल, तर मात्र ते परत घरट्यातच ठेवावे लागते.

पाण्याबद्दल सांगायचे, तर डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ व्हायला साधारण आठवडा तरी लागतो. पाणी रोज किंवा एक दिवसाआड ओतून, भांडे घासून पुन्हा भरले तर डास होत नाहीत. मातीची पसरट परात घ्यावी, पाणी चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे आणि मध्ये एक-दोन खडबडीत दगड ठेवावेत, म्हणजे मधमाशाही बुडून न मरता पाणी पिऊ शकतात. परात दाट झुडपाला अगदी लागून ठेवू नये, कारण मांजर तिथेच दबा धरते.

नवी_पालवी | २ मे, रात्री ८.१०

पिलू मेंदीत ठेवले. दहा मिनिटांत दोन्ही बुलबुल आले आणि त्यांनी मलाच तिथून हाकलले. आभारी आहे.

तगर | ६ मे, सकाळी ९.३०

माझ्या टोपणनावाला जागून तगरीवरची एक नोंद देतो. झाडाखालच्या फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळपट लेंड्या पडलेल्या दिसल्या, की मान वर करून शोध घ्यावा. दोन दिवस शोधूनही मला काही सापडत नव्हते आणि तिसऱ्या दिवशी कळले की ज्या फांदीला धरून मी शोधत होतो तिच्यावरच बोटभर जाडीची हिरवी अळी होती. तिने मान आत ओढताच पुढच्या भागावर दोन निळे-पांढरे डोळे उमटले. ते खरे डोळे नव्हेत, समोरच्याला घाबरवण्यासाठीचे ठिपके आहेत. ही कण्हेरीवरही वाढणाऱ्या मोठ्या पतंगाची अळी आहे.

गुलाबाच्या पानांना कडेने नाण्याने कापल्यासारखे गोल घास घेतलेले दिसले, तर तेही रोगाचे लक्षण नव्हे. पाने कापणारी एकटी राहणारी मधमाशी ते तुकडे बिळात नेऊन पिलांसाठी खोल्या करते. कुंपणातला वाळका बांबू काढून टाकू नये. काळा, मोठा सुतारी भुंगा त्याला गोल भोक पाडून आत घर करतो.

आता तक्रार. आमच्या कॉलनीच्या सामाईक बागेत शेवग्याच्या एका वाळक्या फांदीत तांबटाने फेब्रुवारीत ढोली कोरली होती. जोडी आळीपाळीने आत-बाहेर करत होती. एप्रिलमध्ये ‘पावसाळ्यापूर्वीची सफाई’ म्हणून ती फांदी कोणालाही न विचारता उतरवण्यात आली. खाली पडलेल्या ढोलीत दोन पिले होती आणि ती वाचली नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी उद्ध्वस्त करणे त्यात शिकारीच्या व्याख्येतच मोडते, हे मी बैठकीत वाचून दाखवले. सर्वांनी माना डोलावल्या. ठराव झाला तो एवढाच की पुढील वर्षी वाळक्या फांद्या ‘पाहून’ काढाव्यात. माझा आग्रह असा आहे की जिच्याखाली रस्ता नाही, वाहन नाही, मुले खेळत नाहीत, ती वाळकी फांदी मुळात काढायचीच कशाला?

पन्हाळ्याचा_वारा | ८ जून, दुपारी १२.०५

आज सकाळी पाऊस थांबल्यावर पायवाटेवर मखमली लाल मृगाचे किडे निघाले. मुलीने भिंगातून पाय मोजले, ते आठ भरले. नावात किडा असला, तरी ते कोळ्यांच्या कुळातले निघाले. कीटकाला पाय सहाच. मोजताना त्याने पाय पोटाशी ओढून घेतल्यामुळे दोनदा मोजणी चुकली.

परड्यातला | १४ जून, सकाळी ८.४५

यंदाच्या नोंदी देतो. भिंतीवरच्या पेटीत दयाळाची चार पिले मोठी होऊन २ मे रोजी बाहेर पडली. मेंदीत बुलबुलाची दोन घरटी झाली. एक वळवाच्या वाऱ्याने १७ मे रोजी खाली आले, दुसरे टिकले. शेवग्याची वाळकी फांदी तगर यांचे वाचून तशीच ठेवली आहे. तांबट येऊन दोन-चार ठिकाणी टोच मारून गेला, ढोली केली नाही. कढीपत्त्यावर मोजलेल्या ११ अळ्यांपैकी दोनच कोषापर्यंत पोहोचल्या, बाकीच्या बहुधा भिंतीवरच्या पेटीत गेल्या. एका कोषातून २९ मे रोजी सकाळी फुलपाखरू निघाले आणि पंख वाळेपर्यंत तासभर फांदीला उलटे लोंबत होते.

आंब्यावरच्या पेटीत यंदाही पक्षी आला नाही. काल ती साफ करावी म्हणून झाकण उचलले, तर आतल्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीची पाच मडकी ओळीने बांधलेली होती. त्यातले एक फुटलेले होते, त्यात गुंगी आलेल्या बारीक हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरलेल्या दिसल्या. झाकण पुन्हा लावून खाली उतरलो.